वीतभर फोटो, बोटभर रिफ्लेक्टर

२ जानेवारी

दर वर्षी आमच्या घरात डायऱ्यांचा ढीग पडतो. बँकेची, कारखान्याची, पतसंस्थेची, खतवाल्याची. लोक मोहनरावांना डायरी देतात, मोहनराव ती दुसऱ्या कुणाला देतात, आणि एवढ्या फिरवाफिरवीत कुणी एक ओळ लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. यंदा खतवाल्याची एक मी ठेवून घेतली. हिच्यात प्रत्येक पानाखाली शेतीचा सल्ला छापलाय. आजचा सल्ला हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल आहे. या घरातल्या अळ्यांबद्दल मी लिहीन.

नवऱ्याला मी इथे मोहनराव म्हणणार. सत्तावीस वर्षांत तोंडावर नाव घेतलं नाही, 'अहो'वर भागवलं. मी विजयमाला, लातूरची, बी.ए. झालेली. दिंद्रुडच्या या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग लग्नपत्रिकेतल्या चुका काढण्यापुरता झाला.

८ जानेवारी

मोहनराव तालुक्याच्या रस्ता सुरक्षा अभियानाचे अध्यक्ष झाले. ज्या माणसाने जन्मात बेल्ट लावला नाही त्याला अध्यक्ष करणाऱ्यांची मला कमाल वाटते. निवडणूक तोंडावर आहे, फ्लेक्स लावायला निमित्त हवं होतं, एवढाच अर्थ.

त्याच मुहूर्तावर नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, अंगणात मावत नाही. शोरूमच्या पोराने सगळं नीट समजावून सांगितलं. समोर काही आडवं आलं की गाडी आपोआप ब्रेक लावते, ड्रायव्हर पेंगला तर शिट्टी मारते, बेल्ट नसेल तर टिंग टिंग करत राहते. मोहनराव फोनवर बोलत होते. आमचा अभिमन्यू गाण्यांचा आवाज कुठवर जातो ते बघत होता. ऐकत होता एकटा गहिनीनाथ, आमचा ड्रायव्हर. पंचावन्नच्या पुढचा, गळ्यात तुळशीची माळ. इतकी वर्षं आमच्याकडे आहे, पण 'जी सायेब'पलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघालेला मी ऐकला नाही. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे.

गावात शिरताना सटवा हार घेऊन गाडीच्या पुढ्यात नाचायला लागला. हा मोहनरावांचा उजवा हात. डोक्याचं काम त्याच्याकडे कधी नव्हतंच. गाडीने करकचून ब्रेक मारला आणि मोहनरावांचं नाक पुढे आपटलं.

"गाडी लाजली सायेब तुमाला बघून," सटवा म्हणाला. सगळे पोट धरून हसले. या लोकांच्या जिवावर मोहनराव जिल्हा जिंकणार आहेत.

१४ जानेवारी

संक्रांत. अभियानाचे स्टिकर छापून आले. उसाच्या ट्रॉल्यांना मागे लावायचे, म्हणजे अंधारात मागच्या गाडीला ट्रॉली दिसेल. कल्पना चांगली आहे, म्हणजे मोहनरावांची नसणार. स्टिकरवर हात जोडलेला मोहनरावांचा फोटो वीतभर आणि खाली चमकणारी लाल पट्टी बोटभर. मी विचारलं, ट्रॉली दिसायची आहे की तुम्ही? तर म्हणाले, "तुला राजकारणातलं काय कळतं?"

उरलेले स्टिकर हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटा म्हणाले. वाटले. बायकांनी तोंडं वाकडी करून घेतले. एकीने तिथेच आपल्या पिठाच्या डब्यासाठी दोन मागून घेतले.

१७ जानेवारी

माजलगावला ड्रायव्हरांचं प्रशिक्षण झालं. ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले, पुढाऱ्यांचे ड्रायव्हर, सगळा मांडव भरला होता. जेवण होतं ना. परिवहन खात्याची एक मुलगी शिकवायला आली होती, सायली नावाची, इन्स्पेक्टर. केजला दिलेल्या माझ्या लेकीच्या, दिपालीच्या वयाची असेल. बिचारी जीव तोडून सांगत होती आणि निम्मे लोक जिलेबीच्या वासाकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, हिला घरी कुणी सांगितलं नाही का, की या जिल्ह्यात बोलणाऱ्याला नाही, वाढणाऱ्याला मान असतो.

शेवटी शपथ. ती मोहनरावांनी दिली. एक हात पुढे करून सगळ्यांनी म्हणायचं: मी बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालवणार नाही, माझ्या गाडीत कुणालाही बेल्टशिवाय बसू देणार नाही. फोटो निघाला आणि पंगत बसली. जाताना ट्रॅक्टरवाले एकेका टपावर चार-चार बसून गेले.

गहिनीनाथने एक हात पुढे केला होता आणि दुसरा माळेवर ठेवला होता. मला हसूच आलं.

१८ जानेवारी

आज सकाळी जो तमाशा झाला तो लिहायलाच हवा. दारात कार्यकर्ते जमलेले, मोहनराव धारूरला एका दहाव्याला निघालेले. पुढच्या सीटवर बसले, दार लावलं. गाडी हलेना. गहिनीनाथ चावी हातात घेऊन नुसता बसून.

"कावून थांबला बे?"

"बेल्ट लावा सायेब."

मोहनरावांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "अरे, चल."

"शपथ घेतली हाय सायेब. माळीवर हात ठिवून."

"ती फोटोपुरती व्हती बे. शपथ घ्यायची असती, रोज पाळायची थोडीच असती?"

"तुमीच दिलती की सायेब."

सगळे कार्यकर्ते ऐकत होते. मोहनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी लावला बेल्ट. मी आत जाऊन पदरात तोंड घालून हसले. पण खरं सांगायचं तर ड्रायव्हरने एवढं चढून बसणं मलाही आवडलं नाही.

२२ जानेवारी

रोज तेच चाललंय. मोहनरावांची तक्रार अशी की बेल्टने कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर आडवी सुरकुती पडते, आणि स्टेजवर चढलं की लोकांना तीच दिसते. बाकी लोकांना यांच्यातलं काय काय दिसतं, त्याची त्यांना काळजी नाही.

सटवाने बाजारातून एक बकल आणलं. पट्टा नाही, नुसतं बकल. ते खाचेत खोचलं की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय आणि टिंग टिंग बंद होते. असल्या वस्तू बनवणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ देवच घालून देत असावा. गहिनीनाथने ते काढून मोहनरावांच्या हातात दिलं.

"गाडी गप बसती सायेब. मी कसा गप बसू?"

मोहनराव त्याला काढणार होते. पण निवडणुकीआधी शपथ पाळणाऱ्या माणसाला काढलं तर पेपरात येईल, अशी भीती सटवाने घातली. एकदाच काय तो उपयोगी बोलला.

२९ जानेवारी

केजला गेले होते, दिपालीला आणायला. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यामुळे महिनाभर मी डिंक, खारीक, खोबरं, अळीव गोळा करते आहे. हे एवढं एक काम आहे ज्यात कुणी माझ्या मध्ये येत नाही.

जावई भागवत शाळेत मास्तर आहे. माणूस बरा, पण अंगणातून गाडी बाहेर काढतानाही इंडिकेटर देतो. कोणाला देतो, तुळशीला? चाळिसाच्या वर गाडी नेत नाही. मोहनरावांना त्याची भारी लाज वाटते.

निघताना विहीणबाई, छबुबाई, हळदीकुंकू घेऊन दारात उभ्या. आम्ही मागे बसलो. मी बेल्ट लावला. गहिनीनाथशी वाद घालायचा कंटाळा आला होता. दिपालीला मात्र मीच नको म्हणाले. गहिनीनाथ चावी घेऊन बसला.

"तिला दिवस गेलेत, दिसत नाही?" मी म्हणाले. "पोट आवळलं जाईल."

तो खाली उतरला, टायरकडे बघत बोलायला लागला. "खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा असतो बाईसाब. वरचा... वरचा मधून. त्या म्याडमनी सांगितलंय. दोन जिवाच्या बाईनं तर लावायचाच, म्हनल्या."

विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्या घराच्या दारात, एका ड्रायव्हरने माझ्या लेकीच्या पोटाबद्दल बोलावं. वर कुठून आणि खालून कुठून ते सांगावं. मी तर दिपालीच्या वेळी नऊ महिने जीपमधून खड्ड्याखड्ड्यांनी फिरले, मला काय झालं?

दिपालीने माझ्याकडे न बघता त्याने सांगितला तसा पट्टा लावून घेतला. पहिल्यापासून भिडस्त आहे पोरगी. कुणी काही सांगितलं की ऐकते.

३० जानेवारी

गहिनीनाथला काढला. आता पेपरात यायची भीती नाही, कारण निमित्त वेगळं आहे. मोहनराव अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या लेकीच्या पोटाकडं बघतो बे?"

त्याने चावी ओट्यावर ठेवली. "जी सायेब" म्हणाला आणि गेला. चहा केलेला तसाच राहिला. बरं झालं. माणसाने आपली पायरी ओळखून राहावं.

६ फेब्रुवारी

आता अभिमन्यू गाडी चालवतो. तेवीस वर्षांचा आहे, हात हलका आहे, नजर तेज आहे. थोडी पळवतो, पण तरण्या पोराने पळवायची नाही तर काय मास्तरासारखी ढकलायची? माझं पोर म्हणून सांगत नाही, त्याच्या शेजारी बसलं की बरं वाटतं. सटवाचं बकल परत जाग्यावर गेलं, घरात शांतता आहे.

दिपालीचं मात्र काहीतरी बिनसलंय. गाडीत बसायचं म्हटलं की कारणं काढते. आज देवीला जाऊ म्हटलं तर पाय दुखतात म्हणाली. संध्याकाळी तेच पाय घेऊन गच्चीवर फेऱ्या मारत होती.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची रॅली. सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या आणि आमची गाडी जागोजागी आपोआप ब्रेक मारायला लागली. पोरं ओरडायला लागली, "अध्यक्षाची गाडी भित्री." अभिमन्यूने रस्त्यातच ते ब्रेकचं बंद करून टाकलं. बघता बघता केलं, मला तर कुठलं बटण तेही कळलं नाही. पोरगा हुशार आहे.

२६ फेब्रुवारी

उद्या अंबाजोगाईला दिपालीची तपासणी. मोहनरावांचीही तिथे मीटिंग आहे, सगळे एकाच गाडीने जाऊ. दिपालीने भागवतला बोलावू का म्हणून विचारलं. मी म्हणाले, चाळिसाच्या वेगाने गेलो तर बाळ वाटेतच होईल. ती हसली नाही.

ऊन मी म्हणतंय आणि बाईसाहेबांनी उद्यासाठी मोठी शाल काढून ठेवलीय. एसीची हवा बाधते म्हणे. हल्लीच्या पोरींना सगळंच बाधतं.

३ मार्च

उजवा हात गळ्यात. डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर कोंबड्याच्या पायासारखं येतंय.

परतताना धारूरच्या घाटात. दिवेलागण. वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. दिवा नाही. मागे दोन दगड आणि बाभळीची फांदी. अभिमन्यू गाण्याचा आवाज कमी-जास्त करत होता.

त्याने ब्रेक मारला तेव्हा उशीर झाला होता.

मी मागून पुढच्या सीटवर आदळले. गळ्याजवळचं हाड मोडलं. मोहनरावांच्या कपाळाला टाके, मनगट मोडलं. अभिमन्यूच्या गुडघ्याला लागलं.

धूळ खाली बसल्यावर मी दिपालीकडे पाहिलं. ती होती तिथेच बसलेली होती. शाल खांद्यावरून घसरली होती. शालीखाली पट्टा होता. एक पोटाच्या खालून, एक मधून.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले बाळ ठीक आहे. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले. मी देवाला हात जोडायला गेले आणि एकच हात वर आला.

ती ट्रॉली डोळ्यांपुढून जात नाही. तिच्या मागे स्टिकर लावलेला होता. दगडांजवळ बसले होते तेव्हा टॉर्चच्या उजेडात दिसला. मोहनराव हात जोडून उभे. खालची पट्टी चिखलाने झाकली गेली होती. बोटभर चिखल पुरला.

दिपालीला विचारलं, पट्टा लावलायस हे मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काढायला लावला असतास."

७ मार्च

पेपरात आलंय: 'सीटबेल्टमुळे वाचले प्राण. अभियानाच्या अध्यक्षांनी घालून दिला आदर्श.' मोहनरावांनी दवाखान्यातल्या पलंगावरून सांगितलं, आम्ही सगळ्यांनी बेल्ट लावला होता म्हणून आज तुमच्यासमोर आहोत. टाके घातलेल्या कपाळाने सांगितलं. बातमीदाराने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. सटवा कात्रणाच्या झेरॉक्स काढून वाटत फिरतोय. सत्कार ठरलाय म्हणे. लाजेने माणूस मरत असता तर या घरात फक्त दिपाली उरली असती. मी पण नाही.

१२ मार्च

गहिनीनाथच्या घरी गेले. एकटीच गेले, पायी. गावाने बघायचं तेवढं बघितलं. त्याची बायको मंजुळाबाई दारात सारवत होती, तिने हात धुऊन चहा ठेवला. तो खाली बसला, मला खाट दिली.

"दिपालीताई बऱ्या हायेत ना?"

"बरी आहे. तुम्ही सांगितला होता तसा लावला होता तिने."

त्याने मान हलवली. मी ठरवून गेले होते तसं सगळं बोलून टाकलं. परत या म्हटलं. साहेबांशी मी बोलते, कुणी तुम्हाला वेडंवाकडं बोलणार नाही. दिपालीचे दिवस भरत आलेत, घरात भरवशाचा माणूस हवा. त्याला 'तुम्ही' म्हणाले, आजवर कधी म्हटलं नव्हतं.

"न्हाई बाईसाब. माजलगावच्या साळंची बस धरली हाय."

"तिथे काय आहे एवढं?"

"तिथं लेकरं ऐकतेत."

टोमणा असता तर मी तोंडावर उत्तर दिलं असतं, मला ते चांगलं जमतं. पण टोमणा नव्हता. विचारलं म्हणून त्याने सांगितलं. मी चहा पिऊन निघाले.

१६ मार्च

आज सकाळी भागवत आला. मला वाटलं बघायला आला असेल. दिपालीची बॅग भरून दारात ठेवलेली होती.

"आई, मी केजलाच करते बाळंतपण."

मी म्हणाले, लोक काय म्हणतील? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आईने कमी काय केलं? खूप बोलले. तिच्या सासूवर बोलले, भागवतवर त्याच्या देखत बोलले. तो गाडीजवळ उभा राहून खाली बघत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राग मानू नको. मला आपल्या घरच्या गाडीत बसायची भीती वाटते. ऐन वेळी कळा सुरू झाल्या तर मला कोण नेणार, सांग. कुणाचंही नाव सांग, मी थांबते."

मी नाव सांगायला तोंड उघडलं. दारापुढे चार गाड्या उभ्या होत्या. माणूस एक आठवेना.

बाहेर सटवा आणि त्याची पोरं सत्काराची कमान उभी करत होती. मोहनराव प्लास्टरचा हात हलवून फोटो कुठे लावायचा ते दाखवत होते. लेक चालली आहे हे त्यांना गाडी फाटकापर्यंत गेल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी तोच हात वर करून तिला निरोप दिला.

डिंक, खारीक, खोबरं, अळीव, सगळं मी भागवतच्या गाडीत ठेवून दिलं. मला रडू आलं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. महिनाभर एकेक जिन्नस निवडून घेतला होता. लाडू मी वळणार होते. आता तिची सासू वळेल.